राणीचा माणूस

“फ्रेश लाइम सोडा, स्वीट, टु बीट द मुंबई हीट!”

बॅलार्ड इस्टेटमध्ये ज्यांनी दुपारचं जेवण कधी केलंय, त्यांना हे वाक्य कोणाचं ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. ब्रिटानिया अँड कंपनी ह्या उपाहारगृहाचे मालक बोमन कोहिनूर. नव्वदी ओलांडलेला इराणी म्हातारा, पाठीत वाकलेला, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. टेबलापाशी येऊन ऑर्डर स्वतः घ्यायची आणि घेता घेता हे यमक म्हणायचं. बाहेर धो धो पाऊस कोसळत असला तरी ‘मुंबई हीट’च.

आठवण व्हायचं कारण असं की परवा मुलाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा नव्या रेस्टॉरंटचा मालक, गळ्यात चार साखळ्या, काळा चष्मा लावून जेवणावर वरून काहीतरी भुरभुरवत होता आणि भोवती लोक शूटिंग करत उभे. मुलगा म्हणाला, “बाबा, ह्याला म्हणतात शोमनशिप.” मी म्हटलं, बाळा, शोमन मी पाहिलाय. त्याच्या गळ्यात साखळी नव्हती, भिंतीचे पोपडे निघालेले होते, आणि तरी पंचवीस वर्षं मी तो शो बघायला जात होतो.

पंचवीस वर्षं म्हणजे सलग नव्हे हं. तेवढी ऐपत कुठली.

मी 1989 ला एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे, डॉक क्लार्क म्हणून चिकटलो. वडाळ्याहून हार्बरने व्हीटी, तिथून जीपीओच्या बाजूने चालत बॅलार्ड इस्टेट. दिवसभर न्यू कस्टम हाउसच्या जिन्यांवरून खाली-वर. तेव्हा सगळं कागदावर. बिल ऑफ एंट्री टाइप करायचं, नोटिंगच्या रांगेत उभं राहायचं, ड्युटी भरायची, मग ग्रीन गेटमधून आत शिरून शेडमध्ये माल शोधायचा. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला आणि कार्बन पेपरने बोटं निळी. डबा कुठेतरी सावलीत बसून उघडायचा. कस्टम हाउसच्या समोरच, वेकफील्ड हाउसच्या तळमजल्यावर, ‘ब्रिटानिया’ अशी पाटी. मी बरेच दिवस समजत होतो की बिस्किटवाल्यांचं ऑफिस असेल. दुपारी तिथून तळलेल्या कांद्याचा वास यायचा तेव्हा म्हटलं, बिस्किटांत कांदा? बिस्किटवाल्यांचा ह्या हॉटेलाशी काडीचा संबंध नाही हे सहकाऱ्याने सांगितलं, आणि मग आठवडाभर मला ‘पार्ले’ म्हणून हाक मारली.

आत पाऊल ठेवलं 1991 मध्ये. एक अडकलेली कन्साइनमेंट सुटली म्हणून आमचे शेठ खूश होते. आम्हा तिघांना घेऊन गेले. मी आयुष्यात पहिल्यांदा बेरी पुलाव खाल्ला.

ह्या पुलावाबद्दल थोडं सांगतो, कारण बिर्याणी समजून खायला जाणारे फसतात. पांढराशुभ्र, सुटा, लांब दाण्याचा भात. वर तळलेला कांदा, काजू आणि लाल-काळसर बारीक फळं. मसालेदार मटण आणि खिम्याचे गोळे भाताखाली दडलेले, ते शोधून काढायचे. ती बारीक फळं म्हणजे इराणातली झरेश्क. आंबट. पण चिंचेचा आंबटपणा नाही, लिंबाचा नाही, आमसुलाच्या जवळचा, आणि दाताखाली आली की मगच कळणारा. कोहिनूर यांच्या पत्नी काही काळ इराणात होत्या, तिथला झरेश्क पुलाव त्यांनी पाहिला आणि मुंबईला आल्यावर त्याला इथल्या जिभेला लागणारा मसाला लावला. इराणी लोकांचा मूळ पुलाव पुष्कळ सौम्य असतो म्हणतात. म्हणजे ज्या पदार्थासाठी लोक विमानतळावरून टॅक्सी करून येतात, तो बाईंचा. टेबलाटेबलावर टाळ्या घेणारे बोमनशेठ. आपल्याकडे हे असंच असतं, आमच्या घरात सुद्धा.

त्या पहिल्या दिवशी मालकांकडे माझं लक्षच नव्हतं. लक्ष जागेकडे होतं. उंचच उंच छत, लाकडी वाकवलेल्या पाठींच्या खुर्च्या, रंग उडालेले खांब. भिंतीवर पारशांचे प्रेषित झरथुष्ट्र, महात्मा गांधी आणि इंग्लंडची राणी. तिघेही आपल्या भातावर लक्ष ठेवून आहेत असं वाटायचं. गांधीजी आणि राणी एका भिंतीवर कसे, हा प्रश्न मला पडला होता. तिथे काम करणाऱ्यांना पडलेला दिसत नव्हता. तसं म्हटलं तर गांधीजींचाही ह्या भागाशी संबंध आहेच. गोलमेज परिषदेहून परतले ते 28 डिसेंबर 1931 ला, आणि उतरले इथल्याच बॅलार्ड पियरवर.

हा भाग मुळात समुद्र. अलेक्झांड्रा गोदी खणली तेव्हा निघालेल्या दगडमातीने भर घालून सुमारे 22 एकर जमीन केली, आणि पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं नाव तिला दिलं. 1914 ते 1918 मध्ये, म्हणजे पहिलं महायुद्ध चालू असताना, इथल्या इमारती उठल्या. आखणी जॉर्ज विटेटची. गेटवे ऑफ इंडिया आणि प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमवालाच तो. सगळ्या इमारती एका उंचीच्या, एका बांधणीच्या. रविवारी इथे फिरलात तर लंडनमधला एखादा चौक उचलून आणून ठेवलाय असं वाटतं, फक्त कावळे आपले असतात.

अशा साहेबी वस्तीत 1923 मध्ये रशीद कोहिनूर नावाच्या इराणी माणसाने उपाहारगृह काढलं. इराणी म्हणजे पारशीच ना, असं आपण सहज म्हणतो. धर्म एक, पण मुंबईतल्या पारशांचे पूर्वज हजारभर वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्याला लागलेले, आणि हे इराणी अलीकडचे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला यझ्द, केरमानकडून आलेले. कोपऱ्यावरच्या जागा आपले लोक अपशकुनी म्हणून घेत नसत, त्या ह्यांनी घेतल्या आणि तिथे चहा-ब्रून विकून मुंबईला बसायला शिकवलं. कोहिनूरांचं गिऱ्हाईक मात्र गोरं साहेब लोक, तेव्हा खाणंही त्यांच्या बेताचं. बोमनशेठ सांगायचे की नाव ‘ब्रिटानिया’ ठेवलं म्हणून इंग्रज कमिशनरने परवाना चुटकीसरशी दिला. खरं असेल, नसेल. पण धंद्याचं नाव कसं ठेवावं ह्याचा धडा म्हणून मी तो माझ्या मेव्हण्याला दोनदा सांगितला. त्याने पोळीभाजी केंद्राला स्वतःच्या मुलीचं नाव ठेवलं.

बोमनशेठना खऱ्या अर्थाने पाहिलं ते पुढे, स्वतःच्या पैशाने जायला लागल्यावर. वर्षातून दोनदा. एकदा दिवाळीच्या बोनसला, एकदा मार्च एंडिंग संपलं की.

त्यांचा थाट सांगू? बारा वाजता दार उघडायचं, चारच्या सुमारास बंद. फक्त दुपार. रात्रीचं जेवण नाही. पैसे रोख, कार्डबिर्ड काही नाही. मेनूवर कोंबड्याचं चित्र आणि खाण्यावरच्या प्रेमाहून थोर प्रेम नाही अशा अर्थाचं ब्रीदवाक्य. आणि ह्या सगळ्यातून हळूहळू टेबलं ओलांडत येणारा तो म्हातारा. एका हातात ऑर्डरची वही, दुसऱ्या हातात लॅमिनेट केलेले कागद. ऑर्डर घेऊन झाली की कागद पुढे व्हायचे. राणीचं पत्र. बकिंगहॅम पॅलेसकडून आलेलं, त्यांच्या शुभेच्छांना उत्तर म्हणून. तुम्ही इंग्लंडचे निघालात तर संपलंच. राणीला माझा निरोप द्या, तिचा नातू विल्यम आणि नातसून केटला माझं प्रेम सांगा. समोरची बिचारी मँचेस्टरची शिक्षिका वगैरे असायची, तिने राणीला टीव्हीबाहेर कधी पाहिलेलं नसायचं, पण ती हसून मान डोलवायची. पुढे पुढे विल्यम आणि केटचे माणसाएवढ्या उंचीचे पुठ्ठ्याचे पुतळे आले. आमच्याकडे साहेबांच्या स्वागताला गल्लीत असले कटआउट लागतात, तसेच हुबेहूब.

ब्रिटिश अमलाचं कौतुक ते उघड करायचे, कोणी ऐकतंय की नाही ह्याची फिकीर नसायची. खरं सांगतो, मला ते टोचायचं. मी तसा काही जाज्वल्य वगैरे नाही, पण घरात एक कान गेलेला आजोबा असला की गोष्ट बदलते.

आमचे आजोबा कणकवलीकडून आले ते थेट गोदीत. टोळीतले कामगार, मुकादमाच्या हाताखाली. 14 एप्रिल 1944 ला दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीचा स्फोट झाला तेव्हा ते दोन शेड पलीकडे होते. त्या बोटीत स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या. आधी कापसाने पेट घेतला, मग बोट उडाली, आणि अर्ध्या तासात दुसरा स्फोट. माणसं शेकड्यांनी मेली. विझवायला गेलेले फायर ब्रिगेडचे जवान गेले. अजून दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. आजोबा वाचले, डावा कान गेला. त्या दिवसापासून घरात सगळे मोठ्याने बोलायला लागले. आजोबा गेल्यावरही ती सवय गेली नाही. बाबांशी फोनवर बोलायचं तर मोबाइल कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा.

बाबाही पुढे गोदीतच लागले. बीपीटीचे, म्हणजे पोर्ट ट्रस्टचे कामगार, इंदिरा गोदीत सगळी नोकरी काढली आणि 1993 ला रिटायर झाले. तोवर कंटेनर न्हावाशेव्याला जायला लागले होते आणि शेड ओस पडायला सुरुवात झाली होती. बॅलार्ड इस्टेटच्या अंगणात पस्तीस वर्षं काढून बाबांनी ब्रिटानियाचा उंबरा ओलांडला नव्हता. परवडत नव्हतं हे खरं. पण मला परवडायला लागल्यावर मी म्हटलं, बाबा, चला एकदा, तर उत्तर ठरलेलं.

“राणयेचो फोटो लावता तो. तेच्याकडे मी जेवचंय नाय.”

ह्यावर काय बोलणार? 1946 मध्ये नौदलाचं बंड झालं ते इथेच, जवळच्या कॅसल बरॅक्सवर गोळीबार झाला. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे, दंगलीच्या दिवसांत चाळीच्या खिडक्या लावून बसलेले. त्यांच्या लेखी राणी, राजा, साहेब सगळं एकच. आणि बोमनशेठ तर त्यांच्याहून तेरा वर्षांनी मोठे, सगळं डोळ्यांदेखत पाहिलेले. महायुद्धात त्यांची ही जागासुद्धा लष्कराने कामासाठी घेतली होती, ती पुढे परत मिळाली. इतकं होऊनही हा माणूस राणीवर इतका लुब्ध का? मी पुष्कळ डोकं चालवलं आहे ह्यावर. पहिली काही वर्षं मला वाटायचं की धंद्याची युक्ती आहे. परदेशी पाहुणे येतात, फोटो काढतात, छापून येतं. मग 2016 उजाडलं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये विल्यम आणि केट मुंबईत आले. त्याआधी बोमनशेठचा एक व्हिडिओ इंटरनेटवर पसरला. मला त्यांना भेटायचंय, एवढीच मागणी. राजपुत्र काही पुलाव खायला येऊ शकले नाहीत, पण ह्यांनाच ताजमध्ये बोलावणं आलं. 10 एप्रिलला, ज्या दिवशी त्या दोघांनी ताजमध्ये 26/11 च्या मृतांना आदरांजली वाहिली आणि ओव्हलवर सचिनबरोबर क्रिकेट खेळलं, त्याच दिवशी ह्या म्हाताऱ्याची त्यांच्याशी भेट झाली. मी टीव्हीवर पाहिलं. आयुष्यभर ज्या देवाची तसबीर पुसली तो देव दारात आल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालेलं होतं. युक्ती करणाऱ्याचा चेहरा असा होत नाही. मी तेव्हाच मनातल्या मनात माफी मागितली. टोचणं मात्र गेलं नाही. दोन्ही एकत्र राहतात, काय करणार.

त्यानंतर बाबांनी आपण होऊन विचारलं, “तोच काय रे तो? कस्टमासमोरचो?” टीव्हीवर आला ह्याचा परिणाम. आमच्या घरात टीव्हीवर आलेल्या माणसाला अर्धे गुन्हे माफ असतात.

2017 च्या फेब्रुवारीत मी त्यांना घेऊन गेलो. बाबा 82 वर्षांचे. टॅक्सीतून उतरले ते आधी ग्रीन गेटकडे बघत उभे राहिले. दोन मिनिटं. मग म्हणाले, “रंग नवीन मारल्यानी.” बस, पस्तीस वर्षांबद्दल तेवढंच.

आत बसलो. बाबांनी हाताची घडी घातली. भिंतीकडे पाहिलं, गांधीजींशी थांबले, राणीशी थांबले नाहीत. पुठ्ठ्याच्या केटकडे मात्र बराच वेळ बघत होते, आणि मग मला हळूच (म्हणजे तीन टेबलांना ऐकू जाईल इतपत) विचारलं की ह्या बायेक उभी कित्याक केल्यानी. पलीकडचं गुजराती कुटुंब हसायला लागलं. मी मेनूकार्डात तोंड खुपसलं.

आणि मग बोमनशेठ आले. 82 वर्षांच्या माणसाची ऑर्डर घ्यायला पंचाण्णवीच्या घरातला माणूस. बाबा क्षणभर चपापले. म्हातारा माणूस उभा आणि आपण बसलेले, हे त्यांना जमेना. त्यांनी चक्क उठून खुर्ची पुढे केली. शेठनी हाताने ‘बसा बसा’ केलं. मी मटण बेरी पुलाव सांगितला, एक साली बोटी, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. आणि आलं ते वाक्य. फ्रेश लाइम सोडा, स्वीट. बाबांना साखर. गोळ्या चालू. मी म्हटलं, शेठ, खारा द्या एक, त्यांना डायबेटीस आहे. पण बाबांनी यमक ऐकलं होतं. इंग्रजी त्यांना तोडकंमोडकं यायचं, गोदीतलं, ‘स्लो स्लो लोअर’ छापाचं, पण स्वीट आणि हीट त्यांना कळलं. दशावताराचा शौकीन माणूस तो, बोलण्यातला ठेका ऐकला की मान डोलणारच. तोंड दुसरीकडे करून म्हणाले, “हाड म्हणा तोच.” हाड म्हणजे आण.

मग राणीचं पत्र निघालं.

मला घाम फुटला. आता बाबा काय बोलतात. बाबांनी खिशातून चष्मा काढला, लावला, पत्र हातात घेतलं, प्लास्टिकवरून अंगठा फिरवला. वाचता येत नव्हतंच. वरचा मुकुट पाहिला. परत केलं, दोन्ही हातांनी. शेठ पुढच्या टेबलाकडे वळेपर्यंत गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तुझ्या आज्याचो कान गेलो, तेका कोणी इचारूक नाय. आणि ह्येका राणी पत्र धाडता.”

रागाने म्हणाले नाहीत. बोटीवर कुठला माल कुठल्या शेडमध्ये गेला ते सांगावं तसं सांगितलं. नंतर पुलाव आला आणि विषय संपला. मटण त्यांना जरा कमी तिखट वाटलं. साली बोटीवरचा बटाट्याचा कीस आवडला, “ह्या बेस आसा.” बोलता बोलता त्यांची नजर शेठच्या मागे मागे जात होती. कुठल्या टेबलाला किती वेळ देतात, कोणाला चिडवतात, कोणाच्या लहान मुलाच्या ताटात डोकावतात. पानातलं संपवलं नाही तर शाळामास्तरासारखे बघतात. सोडा संपला. मी पाहिलं नाहीसं पाहून त्यांनी दुसरा मागवला.

घरी जाताना टॅक्सीत एवढंच म्हणाले की मुकादम असतो तर हा चांगला झाला असता. गोदीच्या भाषेत ह्याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही. चांगला मुकादम म्हणजे ज्याला प्रत्येक टोळीत कोण आजारी आहे, कोणाची बायको गावी गेली आहे ते ठाऊक असतं, आणि जो स्वतः दोरीला हात लावतो.

मी ह्या वाक्यावर नंतर विचार केला. मुंबईत हॉटेलवाले मोप. गल्ल्यावर बसून नोटा मोजणारे, पाठीमागे लक्ष्मीचा फोटो. काही आतल्या खोलीत एसी लावून बसणारे, ज्यांचं तोंड गिऱ्हाइकाने कधी पाहिलेलं नसतं. बोमनशेठचा सगळा दिमाख टेबलापर्यंत पायांनी चालत जाण्यात होता. राणी, पत्र, पुठ्ठ्याचे पुतळे, यमक, हे सगळं त्या चालण्याच्या निमित्ताने. रिकाम्या हाताने टेबलाशी गेलं तर माणूस वेटर ठरतो. राणीचं पत्र घेऊन गेलं की यजमान. हे माझं मत. त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, छे, मला राणी आवडते. आणि तेही खरंच होतं.

सप्टेंबर 2019 मध्ये ते गेले. वय 97. बातमी मला ऑफिसातल्या ग्रुपवर कळली, खाली कोणीतरी लिंबाच्या सरबताचं चित्र टाकलं होतं. तीन वर्षांनी, सप्टेंबरमध्येच, राणी गेली. तेव्हा मला आधी लंडन आठवलं नाही, ते लॅमिनेट केलेलं पत्र आठवलं.

बोमनशेठ गेल्यावर महिन्याभराने कस्टम हाउसला माझं एक जुनं काम निघालं. आता तिथे रांगा नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर, निम्मे मजले ओळखू येत नाहीत. काम झालं आणि पाय आपोआप समोर वळले. आत गर्दी होती. पुठ्ठ्याची केट होती. वास तोच. ऑर्डर एका तरुण वेटरने घेतली, पटकन, नीट, काही न बोलता. मी पार्सल सांगितलं. थांबलो तेवढ्यात दोन टेबलं पलीकडे एक बाई आपल्या मुलीला सांगत होत्या की इथे एक आजोबा यायचे बरं का, आणि पुढचं वाक्य त्यांनी त्या लयीतच म्हणून दाखवलं. मुलगी म्हणाली, मग सोडाच घेऊ.

वडाळ्याला पोचेपर्यंत पुलाव कोमट झाला होता. बाबा तेव्हा फारसे उठत नसत. ताटात वाढला, भातातून मटण शोधून कडेला काढून ठेवलं त्यांनी, आणि बारीक लाल फळं एकेक करून बोटाने टिपून खाल्ली.

“सुकी करवंदा काय ही?”

मी म्हटलं, इराणची करवंदं समजा.

“आंबट आसत. बरी आसत.”

मी सांगितलं, बाबा, ते शेठ गेले. ब्रिटानियाचे. बाबांना नीट ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकलं होतं. आणखी दोन फळं टिपली. मग पार्सलची पिशवी जवळ ओढली, आत हात घालून चाचपली, रिकामी आहे ह्याची खात्री केली आणि माझ्याकडे बघून विचारलं,

“सोडो खंय?”